कॅमेरा टाळ्या वाजवणाऱ्यांवरही फिरवा

श्रावणातल्या एका संध्याकाळी आमच्या घरात टीव्हीवरून वाद झाला. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, त्यांची नात पुण्याहून सुट्टीला आली होती. तिने मोबाईल टीव्हीला जोडून 'द ॲक्ट' नावाची अमेरिकी मालिका लावली. बाहेर सांगलीचा रिपरिप पाऊस, प्रत्येकीच्या हातात भडंगाची वाटी, आणि पडद्यावर एक आई आपल्या धडधाकट मुलीचं डोकं भादरत होती. का, तर लोकांना ती कॅन्सरची रोगी वाटली पाहिजे. अक्का मध्येच उठल्या. "बंद कर गं ते. आईबद्दल असलं दाखवतं व्हय कुणी?" नात म्हणाली, "आजी, हे खरं घडलंय." अक्का म्हणाल्या, "घडलं असंल. म्हणून दाखवायचं?" आणि देवघरात निघून गेल्या.

त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. पण ते द्यायला हवं, कारण उद्या एखाद्या मराठी वाहिनीने हा विषय घेतला तर घरोघरी हाच प्रश्न विचारला जाईल, आणि विचारणारी माणसं अक्कांसारखीच मनापासून विचारतील. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. दाखवायचं. मराठीत दाखवायचं, आणि सगळं घर जेवायच्या आधी टीव्हीसमोर बसलेलं असतं त्या वेळेला दाखवायचं. फक्त परदेशी मालिकांनी आजवर जिथे कॅमेरा ठेवला तिथे तो ठेवून चालणार नाही.

आधी त्या मालिकेची हकीकत. 'द ॲक्ट' २०१९ सालची, आठ भागांची. आईचं काम करणाऱ्या पॅट्रिशिया आर्क्वेटला त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला. घटना अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डची. डी डी ब्लँचर्ड नावाच्या बाईने आपली मुलगी जिप्सी रोझ हिला लहानपणापासून आजारी म्हणून वाढवलं. चालता येत असताना चाकाच्या खुर्चीत बसवलं, तोंडाने जेवता येत असताना पोटात नळी बसवून घेतली, नको असलेली औषधं आणि शस्त्रक्रिया तिच्या अंगावर लादल्या, तिचं वयसुद्धा कमी करून सांगितलं. २०१५ च्या जूनमध्ये त्या मुलीने आपल्या मित्राच्या मदतीने आईचा खून घडवून आणला. तिला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२३ च्या डिसेंबरात ती पॅरोलवर सुटली.

हे वाचून अंगावर काटा येतोच. पण मी तिथे अडकले नाही. मी अडकले ती कागदांच्या गोष्टीपाशी. ही मायलेक मूळची अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यातली. २००५ च्या कतरिना वादळात त्यांचं घर गेलं, आणि मुलीच्या आजारपणाचे सगळे कागद पुरात गेले असं आई प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायची. सांगलीकराला हे वाक्य ऐकून शंका येईल का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत कपाटातल्या फायलींचा लगदा झाला. रेशनकार्ड, दहावीची गुणपत्रिका, खरेदीखतं, बाळंतपणाचे कागद. त्यानंतर वर्षभर कुणी "कागद गेले हो पुरात" म्हटलं की समोरचा माणूस मान हलवून पुढचं काम करून द्यायचा. पुरावा मागणं निर्दयपणाचं वाटायचं. स्प्रिंगफील्डमध्येही ते निर्दयपणाचंच वाटलं. लोकांनी त्या मायलेकींना घर बांधून दिलं, देणग्या दिल्या, सहलींना नेलं. एका मेंदूविकारतज्ज्ञाला संशय आला होता, त्याने तो आपल्या नोंदीत लिहूनही ठेवला, पण पुढे काही झालं नाही. २००९ मध्ये निनावी तक्रारीवरून पोलीस घरी येऊन गेले आणि आईचं बोलणं ऐकून समाधानाने परतले. एवढी चांगली आई! तिच्याबद्दल वाईट विचार करणारे आपणच वाईट, असं सगळ्यांना वाटत राहिलं.

मला भीती वाटली ती या चांगल्या माणसांची. कारण मी त्यांच्यातलीच एक आहे, आणि ते कसं, हे पुढे सांगणार आहे.

त्याआधी अक्कांच्या प्रश्नाकडे येते. आईला असं दाखवू नये, ती आपली रीत नाही, असं म्हणणाऱ्यांनी गेल्या पंचवीस वर्षांतल्या संध्याकाळच्या मालिका आठवून बघाव्यात. मुलाच्या पगाराचा हिशेब ठेवणारी, त्याच्या खोलीचं दार न वाजवता आत जाणारी, तो बायकोला घेऊन बाहेर निघाला की जिला चक्कर येते, त्याच्या ताटात काय वाढायचं हे मरेपर्यंत मीच ठरवणार म्हणणारी बाई आपण रोज रात्री बघतो. तिला आपण सासू म्हणतो. मुलाला कवटाळून बसणारी आई मराठी टीव्हीवर केव्हाच येऊन गेली आहे. एकाच बाईचे आपण दोन तुकडे केले: देव्हाऱ्यात ठेवायला आई आणि शिव्या द्यायला सासू. सासू कितीही दुष्ट दाखवली तरी संस्कृतीला धक्का बसत नाही, कारण ती सुनेच्या नजरेतून दिसते आणि सून परक्या घरची. तीच बाई पोटच्या पोराच्या नजरेतून दाखवली तर मात्र आपण टीव्ही बंद करायला उठतो.

यात तोटा कुणाचा होतो? पोराचा. मालिकेतला मुलगा आई आणि बायको यांच्यामध्ये अडकलेला बिचारा एवढाच असतो, लग्नाच्या दिवशी जन्मल्यासारखा. त्याआधीची पंचवीस वर्षं त्या घरात, त्या एका माणसाच्या मुठीत त्याने कशी काढली, हे कुणी विचारत नाही. मुलींचं तर नावच नको. परक्याचं धन म्हणून वाढवलेल्या मुलीला आई सोडायला तयार नाही, असंही असू शकतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. धाकट्या मुलीची स्थळं काही ना काही काढून परतवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना गावाने "पोरीवर फार जीव" एवढंच म्हटलं.

आता माझी गोष्ट. मी सांगलीतल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. हे ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्याला विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीत. हुशार, गणितात पैकीच्या पैकी. मधल्या सुट्टीत त्याची आई रोज गरम डबा घेऊन यायची. डबा देऊन जायची नाही. पटांगणाच्या कडेला लिंबाखाली पायरी होती, तिथे त्याला बसवायची आणि चपातीचा घास करून भरवायची. ओठांवर मिसरूड फुटलेल्या मुलाला. पहिले काही आठवडे पोरं हसली, मग त्यांनी बघणंच सोडून दिलं. मला अजून डोळ्यासमोर दिसतं ते असं, की घास घेताना तो तिच्याकडे बघायचा नाही. समोर कबड्डी चाललेली असायची, तिकडे बघायचा आणि तोंड उघडायचा. घास गिळून झाला की पुन्हा उघडायचा. शेवटी ती पदराने त्याचं तोंड पुसायची, घंटा व्हायची, आणि तो वर्गात येऊन माझ्या तासाला पहिला हात वर करायचा.

शाळेची सहल पन्हाळा-जोतिबाला निघाली. त्याने नाव दिलं, पैसे भरले. निघायच्या पहाटे आईच्या छातीत दुखायला लागलं. तो आला नाही. दुपारी ती बरी झाली. दहावीत सहल गणपतीपुळ्याला होती, तेव्हाही तसंच झालं. आम्ही शिक्षकांच्या खोलीत काय बोललो? "पोराशिवाय तिला करमत नाही हो, जीव गोळा होतो तिचा." आमच्यातल्या कुणी तिचं ढोंग म्हटलं नाही, आणि मला आजही ते ढोंग वाटत नाही. तिच्या छातीत खरंच दुखत असणार. पण ते दुखणं मुलगा जिन्यावर पाय ठेवतानाच का येतं, हे विचारायची हिंमत आमच्यात नव्हती.

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये आदर्श मातेचा सत्कार करायचा ठरलं. नाव मी सुचवलं.

बारावीला त्याला चांगले गुण पडले, पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. अकराव्या दिवशी तो परत आला. आईने अन्न सोडलं होतं. तिने "ये" म्हणून फोन केला नव्हता, नुसतं जेवण सोडलं होतं, आणि शेजारच्यांनी त्याला कळवलं. "आई वाळून चाललीय, तू तिकडं कसला शिकतोस?" असं शेजारची काकू त्याला म्हणाली होती. ते वाक्य त्याला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. आज तो मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे हिशेब लिहितो. लग्न दोनदा ठरलं, दोनदा मोडलं.

२०१९ च्या पुरात ते दोघं वरच्या मजल्यावर अडकले. बचावपथकाची बोट आली. म्हातारी माणसं आणि बायका आधी, असा नियम. आई एकटी बसेना. तो म्हणाला, तू हो पुढं, मी मागच्या फेरीला येतो. तिने त्याच्या शर्टाची कड धरली ती सोडलीच नाही. बोट दोनदा रिकामी फिरली, म्हणजे त्यांच्यापुरती रिकामी, आणि तिसऱ्या खेपेला दोघांना एकत्र घेतलं. ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं नेणारी बोट उलटल्याची बातमी सगळीकडे पसरली होती, तेव्हा तिच्या भीतीला कारण नव्हतं असं कोण म्हणेल? हे तोच मला म्हणाला. "ती त्या दिवशी शहाणपणानं घाबरली होती की सवयीनं, मला सांगता येत नाही, बाई." आणि जरा वेळाने म्हणाला, "मला पोहायला येत नाही. कृष्णेच्या काठावर जन्म गेला, पण पाण्यात उतरू दिलं नाही." रागाने म्हणाला नाही. "ती वाईट नाही, बाई," हेही त्यानेच सांगितलं.

ती वाईट नाहीच. ती सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. दीर-सासऱ्यांच्या घरात तिला जागा होती ती या मुलाची आई म्हणून. तेराव्याला आलेल्या प्रत्येक बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच वाक्य म्हटलं असणार: आता या लेकराकडं बघून जग. ती तशी जगली. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानी आई-मुलाच्या नात्याचा उलगडा करताना हेच मांडलं होतं, की सासरच्या घरात मुलगा झाल्यावरच बाईला खरी ओळख मिळते, आणि मग त्या मुलावर तिच्या सगळ्या जगण्याचा भार येतो. आपण एका बाईच्या हातून नोकरी, मैत्रिणी, दुसरं लग्न, एकटीने फिरणं हे सगळं काढून घेतो, एक मूल तेवढं ठेवतो, आणि मग तिने ते घट्ट धरलं की कौतुक करतो.

इथे कुणी म्हणेल, आईचा धाक नको का? धाक हवाच. ब्रायन बार्बर या अभ्यासकाने १९९६ मध्ये यातला फरक नेमका सांगितला. मुलाच्या वागण्यावर लक्ष ठेवणं, घरी किती वाजता यायचं हे ठरवणं, ही एक गोष्ट. त्याच्या मनावर ताबा ठेवणं, म्हणजे त्याला अपराधी वाटायला लावणं, माया मागे घेण्याची भीती घालणं, ही निराळी गोष्ट. पहिल्या गोष्टीने मूल सावरतं, दुसरीने खचतं. त्यांचे परिभाषेतले शब्द आपल्याला नकोतच, आपल्या घरात त्यांच्यासाठी केव्हापासून शब्द आहेत. अबोला धरणं. अन्नावर राग काढणं. "मी मेले की कळेल." "तुझ्यासाठी काय काय सोसलं ते माझं मला माहीत." हे आपण इतक्या सहज बोलतो की त्यात कुणाला काही लागत असेल असं वाटतही नाही.

आणि आपल्या परंपरेत दुसरी आई आहे, तिचीही आठवण ठेवायला हवी. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात जी आई लिहिली, ती पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला मारून विहिरीवर पाठवते. ज्या पुस्तकाचा दाखला देऊन आपण आईच्या मायेच्या गोष्टी सांगतो, त्यातली माया मुलाला पाण्यात ढकलणारी आहे. मारणं मला पटत नाही, आजच्या कुठल्याच शिक्षकाला पटू नये. पण त्या आईला मुलगा आपल्यावाचून तरावा असं वाटत होतं, आणि तळहातावरच्या फोडासारखं जपणाऱ्या आईला ते वाटत नाही.

तर हे सगळं टीव्हीवर आलं पाहिजे. पण कसं, यावर माझं परदेशी थरारमालिकांशी जमत नाही. 'बेट्स मोटेल' ही अशीच एक गाजलेली मालिका, २०१३ ते २०१७ अशी पाच पर्वं चाललेली. हिचकॉकच्या 'सायको' या जुन्या चित्रपटाआधीची, त्यातल्या खुनी मुलाची आणि त्याच्या आईची कथा. व्हेरा फार्मिगाने आई अशी उभी केली आहे की तिचा राग येतो आणि तिच्या मागोमाग डोळेही भरतात. पण ती आई राहते कुठे? गावापासून बाजूला, टेकडीवरच्या एकट्या, अंधाऱ्या घरात. घर बघूनच कळतं की इथे काहीतरी भयंकर होणार आहे. प्रेक्षक आपल्या फ्लॅटमध्ये, आपल्या वाड्यात बसून सुटकेचा श्वास सोडतो, कारण त्याचं घर टेकडीवर नाही. वेडी बाई, वेडं घर, आपण शहाणे.

आपल्याकडे असं घर टेकडीवर नसतं. ते आळीत असतं, दाराला आंब्याचं तोरण असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा मिळतो, आणि हळदीकुंकवाला सगळी आळी तिथे जमते. त्या मुलाला पुण्याहून परत आणलं ते आईने एकटीने नाही. शेजारच्या काकूने आणलं, आमच्या कौतुकाने आणलं, सहलीच्या वेळी गप्प बसलेल्या शिक्षकांनी आणलं. हे सगळे हात ज्या मालिकेत दिसणार नाहीत, ती कितीही थरारक असली तरी खोटी असेल.

आईला वेडी किंवा राक्षसीण ठरवून मोकळं होण्यातला धोका नुसता कलेचा नाही, त्यात माणसं चिरडतात. यासाठी मला इंग्लंडमधली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात गणित आहे. मुलाला मुद्दाम आजारी पाडणाऱ्या आयांची नोंद रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञाने १९७७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. काम महत्त्वाचं होतं, त्यामुळे कित्येक मुलांकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. पण पुढे हाच माणूस कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभा राहू लागला. सॅली क्लार्क या वकील बाईची दोन तान्ही मुलं, एक १९९६ मध्ये आणि दुसरं १९९८ मध्ये, काही आठवड्यांची असताना वारली. तिनेच मारली असा खटला उभा राहिला. मेडो यांनी सांगितलं की अशा घरात बाळ झोपेत अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ मध्ये १, म्हणून दोन बाळं जाण्याची शक्यता त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणून, सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. म्हणजे हा योगायोग असूच शकत नाही.

माझ्या दहावीच्या वर्गातल्या पोरानेही हात वर केला असता. शक्यतांचा असा गुणाकार करायचा तर दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र लागतात. एकाच आईबापांची, एकाच घरातली, एकाच रक्ताची दोन भावंडं स्वतंत्र कशी? जे कारण पहिल्याला नडलं ते दुसऱ्याला नडूच शकतं. शिवाय दोन बाळं अशी जाणं दुर्मीळ असलं, तरी आईने दोन बाळं मारणं त्याहून किती दुर्मीळ, हा हिशेब कुणी मांडलाच नाही. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने या आकडेमोडीवर जाहीर आक्षेप घेतला. धाकट्या बाळाच्या तपासणीतले जंतुसंसर्गाचे अहवाल बचावपक्षापुढे आलेच नव्हते, हेही उघड झालं. २००३ मध्ये ती निर्दोष सुटली. २००७ मध्ये ती गेली. दोन मुलं गमावलेल्या आईला समाजाने तीन वर्षांहून जास्त काळ खुनी म्हणून कोंडून ठेवलं.

एकीकडे स्प्रिंगफील्डची आई, जिच्यावर कुणी संशय घ्यायला तयार नव्हतं. दुसरीकडे सॅली क्लार्क, जिच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. मला या दोन्ही चुका एकाच मुळातून आलेल्या दिसतात. आई एक तर देवी, नाही तर डाकीण. तिला माणूस म्हणून बघायचा, तिला साधे प्रश्न विचारायचा सराव कुणाला नाही. "ताई, तुम्ही जेवलात का? तुम्हाला मैत्रीण आहे का? मुलगा सहलीला गेला तर तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?" हे प्रश्न मी त्या लिंबाखाली जाऊन विचारू शकले असते. रोज पाच मिनिटं होती माझ्याकडे.

मराठी प्रेक्षकाला हे झेपणार नाही असं वाहिन्यांना वाटत असेल तर त्यांनी आपलाच इतिहास बघावा. 'झी मराठी'वर २०२० मध्ये 'देवमाणूस' आली. शेजारच्या सातारा जिल्ह्याच्या मातीतली, गावाने डोक्यावर घेतलेल्या एका बनावट डॉक्टरची गोष्ट. तो खुनी आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक, आणि गाव त्याच्या पाया पडतंय. त्या मालिकेत पुढे बरंच भडक झालं, ते मला आवडलं नाही, पण तिचं नाव अचूक होतं. माणसाला देव केलं की त्याच्याकडे बघणं थांबतं. आपल्या घरातली सगळ्यात मोठी देवमाणूस कोण, हे वेगळं सांगायला नको.

आणि सांगलीने तर हे भीत-भीत म्हणूच नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे 'सीतास्वयंवर' उभं केलं ते हे गाव. इथून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला गोविंद बल्लाळ देवल जन्मले. त्यांनी १८९९ मध्ये 'शारदा' रंगभूमीवर आणलं, आणि पैशासाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप भर प्रेक्षकांत उभा केला. बापाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द होता तो काळ. बालविवाहाला आळा घालणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ मध्ये आला. देवलांचा तो कांचनभट राक्षस नाही, ओळखीचा माणूस आहे, शेजारच्या घरात सापडेल असा, म्हणून ते नाटक बोचलं. बापाला आपण सव्वाशे वर्षांपूर्वी प्रश्न विचारले. आईला विचारायची वेळ आली आहे, आणि तितक्याच आपुलकीने.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लेखकांनी ही मालिका लिहावी, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या बाजूने लिहावी. आईला खून करायला लावू नये. दार बंद होण्याचा आवाज, न खाल्लेलं ताट, उंबऱ्यावर थांबलेली चप्पल यांतच पुरेसा थरार आहे, दिग्दर्शकाला तो दिसला पाहिजे. आईचं आधीचं आयुष्य दाखवावं, तेराव्याच्या दिवसासकट. आणि वाहिन्यांनी एक करावं. पडद्यावर कुणी सिगरेट पेटवली की खाली धूम्रपानाच्या धोक्याची पट्टी येते. या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी टेलिमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही क्रमांक ठळक द्यावेत. पहिला आईसाठीसुद्धा आहे हे स्पष्ट म्हणावं, कारण छातीत दुखणारी ती बाई आजवर कुठल्याच मनाच्या डॉक्टरपर्यंत पोचलेली नाही. मुलाला विनाकारण मानसिक त्रास देणं हा २०१५ च्या बालन्याय कायद्यात गुन्हा आहे, ७५ व्या कलमात. पण पोलीस ठाण्याआधी शंभर दारं आहेत, आणि ती दारं शेजाऱ्यांची, शिक्षकांची, मामा-मावश्यांची आहेत.

पहिला प्रसंग मीच सुचवते. शाळेचं गॅदरिंग. मंडपात कागदी पताका, लाऊडस्पीकरची खरखर. आदर्श मातेचं नाव पुकारलं जातं. ती लाजत वर येते, डोळे पाण्याने भरलेले. मुख्याध्यापक नारळ देतात, बाई साडी देतात. मुलाला वर बोलावून आईच्या पाया पडायला सांगतात. तो पडतो. आई त्याला उठवते, त्याच्या शर्टाची कड नीट करते आणि तो हात तिथेच ठेवते. सगळे टाळ्या वाजवतात, कॅमेरा सावकाश त्या टाळ्यांवरून फिरतो, एकेका चेहऱ्यावरून, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. कुणाला वेशभूषेसाठी हवं असेल तर सांगते, साडी मोतिया रंगाची होती, जांभळ्या काठांची. कापडपेठेत चार दुकानं फिरून मी ती निवडली होती.